हिरव्या पाण्यातला विषाणू

नेब्रास्का हे अमेरिकेच्या ऐन मध्यातलं राज्य. कुठल्याही दिशेला निघालं तरी समुद्र शेकडो मैल लांब. मका, सोयाबीन आणि गुरंढोरं यांवर तिथलं अर्थकारण चालतं. शैवालांना ग्रासणाऱ्या विषाणूंचं शास्त्र मात्र याच मुलखात पायावर उभं राहिलं, आणि तेही दुसऱ्याच कशाचा तरी शोध चालू असताना.

लिंकन शहरातल्या नेब्रास्का विद्यापीठात रसेल माइंट्स हे जीवशास्त्रज्ञ हिरव्या हायड्राचा अभ्यास करत होते. हायड्रा आपल्याला शाळेपासून ओळखीचा आहे. मुकुलायनाची आकृती काढली ती त्याचीच. त्याची एक जात हिरवीगार असते, कारण तिच्या शरीरातल्या पेशींमध्ये क्लोरेलासारखी एकपेशीय शैवालं मुक्काम ठोकून असतात. शैवाल उन्हात साखर तयार करतं आणि तिच्यातला वाटा यजमानाला देतं. यजमान त्याला आसरा देतो. हे सहजीवन कसं चालतं हे समजून घ्यायचं, तर दोघांना वेगळं करून पाहायला हवं. माइंट्स यांच्या प्रयोगशाळेत हायड्रा फोडून शैवालं बाहेर काढली जात. पण बाहेर काढलेली शैवालं जगेनात. दिवस उलटायच्या आत ती फुटून जात.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे पातळ काप पाहिले, तेव्हा पेशींमध्ये षटकोनी कण दाटीवाटीने भरलेले दिसले. हायड्राच्या शरीरात असेपर्यंत त्याच शैवालात असा एक कणही दिसत नव्हता.

त्याच विद्यापीठाच्या वनस्पतिरोगशास्त्र विभागात जेम्स व्हॅन एटन होते. १९७३ मध्ये अ‍ॅन व्हिडाव्हर यांच्यासोबत फाय-६ या जिवाणूंच्या विषाणूची माहिती प्रसिद्ध करणाऱ्यांत त्यांचा सहभाग होता. विषाणू शुद्ध कसा करायचा, मोजायचा कसा, त्याचं जनुकद्रव्य बाहेर कसं काढायचं, हे त्यांच्या रोजच्या हातातलं काम. एकाकडे कोडं होतं आणि दुसऱ्याकडे ते सोडवायची हत्यारं. दोन वेगळ्या विभागांतली ही दोन माणसं एकत्र आली नसती, तर ते षटकोनी कणही एका शोधनिबंधातलं छायाचित्र होऊन राहिले असते. असं मी म्हणतो, कारण तोवर नेमकं तेच होत आलं होतं.

शैवालांत विषाणू असतात ही शंका जुनी होती. १९६३ मध्ये रॉबर्ट सॅफरमन आणि मेरी-एलन मॉरिस या दोघांनी 'सायन्स' नियतकालिकात शैवालाचा विषाणू वेगळा केल्याचं जाहीर केलं. ते सिनसिनाटीच्या टॅफ्ट सॅनिटरी इंजिनिअरिंग सेंटरमध्ये काम करत; विषाणू मिळाला होता इंडियाना राज्यातल्या सांडपाण्याच्या एका तळ्यात. लिंगब्या, प्लेक्टोनेमा आणि फॉर्मिडियम या तीन नीलहरित शैवालांना तो मारत असे, म्हणून तिघांची आद्याक्षरं घेऊन त्याचं नाव पडलं एलपीपी-१. या शोधामागे व्यवहारी आशा होती. तलावांवर माजणाऱ्या शैवालाला आवर घालायला हा विषाणू वापरता येईल, असं त्या काळी अनेकांना वाटत होतं.

आपल्या देशातही हा धागा लगेच उचलला गेला. बनारस हिंदू विद्यापीठात राम नगीना सिंह यांनी नीलहरित शैवालांच्या अभ्यासाची मोठी परंपरा उभी केली होती. क्षारपड, उसर जमीन या शैवालांच्या मदतीने सुधारता येते, असं त्यांनी १९५० मध्येच 'नेचर'मध्ये लिहिलं होतं. १९६७ मध्ये त्यांनी आणि पी. के. सिंह यांनी भारतातून असे विषाणू वेगळे केल्याचं त्याच नियतकालिकात प्रसिद्ध केलं. सॅफरमन-मॉरिस यांच्या शोधानंतर चार वर्षांच्या आत, तुटपुंज्या साधनांच्या त्या काळात झालेलं हे काम शैवालविज्ञानाच्या वर्तुळाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही. ते ठाऊक असायला हवं.

पण नीलहरित शैवालं ही खरं तर जिवाणू आहेत. त्यांच्या पेशीत केंद्रक नसतं, आणि त्यांचे विषाणूही जिवाणूंच्या विषाणूंचेच भाऊबंद आहेत. केंद्रक असलेल्या, वनस्पतींच्या जवळच्या खऱ्या शैवालांचं काय? तिथे नुसत्या खाणाखुणा जमत होत्या. साठ-सत्तरच्या दशकांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वनस्पतिशास्त्राच्या विभागांत पोहोचला आणि ठिकठिकाणचे अभ्यासक शैवालांचे काप पाहू लागले. मधूनच एखाद्या पेशीत बहुकोनी कण दिसत. लाल शैवालात दिसले, हिरव्यात दिसले, तपकिरी शैवालात दिसले. १९९१ मध्ये व्हॅन एटन आणि सहकाऱ्यांनी जुन्या नोंदींचा आढावा घेतला, तेव्हा शैवालांच्या चाळीसहून अधिक प्रकारांत असे कण पाहिल्याच्या नोंदी निघाल्या. मात्र त्यांतल्या बहुतेक ठिकाणी गोष्ट छायाचित्रापाशीच थांबली होती. शंभरात एखादी पेशी बाधित असायची. पुढच्या वेळी तेच शैवाल पाहावं तर कण गायब. ज्यात विषाणू वाढवायचा ते शैवाल प्रयोगशाळेत वाढत नसे, आणि जे वाढत असे त्याला विषाणू लागत नसे. अभ्यासकांनी प्रामाणिकपणे 'विषाणूसदृश कण' असं लिहून ठेवलं आणि ते आपल्या मूळ कामाकडे वळले.

अपवाद थोडे. कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर मेयर आणि टेलर यांना मायक्रोमोनास पुसिला या अगदी चिमुकल्या सागरी शैवालाला फोडणारा विषाणू मिळाला. १९७९ मध्ये तो 'नेचर'मध्ये आला. त्याच्या वर्षभर आधी जपानमध्ये कावाकामी आडनावाच्या दोन संशोधकांनी पॅरामेशियम बर्सारिया या एकपेशीय जीवावर निबंध लिहिला होता. हा पॅरामेशियमही हिरवा असतो आणि त्याच्या पोटात शेकडो क्लोरेला असतात. त्या बाहेर काढल्या की त्यांच्यात विषाणू वाढतो, असं त्यांनी नोंदवलं होतं. म्हणजे नेब्रास्कात हायड्राच्या शैवालात जे दिसलं, तेच जपानमध्ये पॅरामेशियमच्या शैवालात दिसलं होतं.

माइंट्स आणि व्हॅन एटन यांचा हायड्रावरचा निबंध १९८१ मध्ये आला. १९८२ मध्ये त्यांनी पॅरामेशियमच्या शैवालातला विषाणूही वेगळा केला. त्याचं लांबलचक नाव पॅरामेशियम बर्सारिया क्लोरेला व्हायरस-१. सगळे त्याला पीबीसीव्ही-१ म्हणतात. तरीही मुख्य अडचण कायम होती. हायड्रा किंवा पॅरामेशियम वाढवायचे, ते फोडायचे, त्यातून शैवाल गोळा करायचं आणि त्यातून मिळेल तेवढा विषाणू घ्यायचा, या पद्धतीने हाती येणार तरी किती? शिवाय एका बाधित पेशीतून किती विषाणू निघतात, एका थेंबात जिवंत विषाणू किती, असले साधे प्रश्नही सुटत नव्हते.

उत्तर मिळालं ते शैवालाच्या एका वाणात. एनसी६४ए या नावाची क्लोरेला कधीकाळी पॅरामेशियमच्याच पोटातून काढलेली होती, पण ती यजमानाशिवाय काचपात्रात सुखाने वाढत असे. तिच्यावर पीबीसीव्ही-१ टाकून पाहिला आणि तो लागला. आता विषाणू हवा तेवढा, हवा तेव्हा वाढवता येणार होता. १९८३ मध्ये 'सायन्स'मध्ये हे प्रसिद्ध झालं, आणि त्या निबंधाच्या शीर्षकात नव्या यजमानाइतकंच महत्त्व एका चाचणीला दिलं होतं. तिचं नाव प्लाक चाचणी.

ही चाचणी जरा जवळून पाहण्यासारखी आहे. काचेच्या बशीत पोषक आगरचा थर ओतायचा. त्यावर कोमट, पातळ आगरमध्ये मिसळलेली क्लोरेला आणि तपासायच्या पाण्याचा थोडासा भाग पसरायचा. बशी उजेडात ठेवली की काही दिवसांत सगळा पृष्ठभाग हिरवा होतो. पण ज्या ठिकाणी एक विषाणू पडला असेल, तिथे त्याने एक पेशी फोडलेली असते, तिच्यातून निघालेल्यांनी शेजारच्या पेशी फोडलेल्या असतात, आणि असं होत होत तिथे एक गोल, पारदर्शक ठिपका उमटतो. ठिपके डोळ्यांनी मोजता येतात. जितके ठिपके तितके जिवंत विषाणू. ठिपक्याच्या मधोमध टाचणी टोचली की एकाच पूर्वजापासून झालेला शुद्ध वंश हाती येतो. जिवाणूंच्या विषाणूंसाठी ही पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून वापरात होती आणि रेण्वीय जीवशास्त्राचा बराच पाया तिच्यावरच रचला गेला. खऱ्या शैवालांच्या विषाणूंना ती १९८३ मध्ये मिळाली. पुढच्या काळात या विषाणूंबद्दल कितीतरी नवलाच्या गोष्टी कळल्या, पण माझ्या मते या इतिहासातलं खरं वळण म्हणजे ही बशी.

कारण तिच्यामुळे कुठल्याही तळ्याचं पाणी तपासता येऊ लागलं. मुलूख बदलला, तळी बदलली, तरी क्लोरेलाचे विषाणू सापडतच राहिले. कुठे एका मिलिलिटरमध्ये एखाददुसरा, तर कुठे हजारोंनी. जे शोधायला कुणी गेलंच नव्हतं, ते जगभरच्या गोड्या पाण्यात होतं.

हा विषाणू पेशीत शिरतो कसा? पीबीसीव्ही-१ हा वीस पृष्ठभागांचा बहुफलक आहे. व्यास सुमारे १९० नॅनोमीटर. त्याच्या एका टोकाला काट्यासारखा भाग असतो, हे २००९ मध्ये स्पष्ट दिसलं. नेमकं तेच टोक शैवालाच्या भित्तिकेला टेकतं. विषाणूबरोबर आलेली विकरं भित्तिका तेवढ्याच जागी विरघळवतात आणि भोक पाडतात. विषाणूच्या आतलं पटल पेशीच्या पटलाला जुळतं, डीएनए आत जातो आणि रिकामं कवच बाहेरच चिकटून राहतं. त्याच वेळी विषाणूचं एक प्रथिन पेशीच्या पटलात पोटॅशियमची वाट उघडतं. हे प्रथिन अवघ्या ९४ अमिनो आम्लांचं आहे. २००० मध्ये त्याचं वर्णन झालं तेव्हा इतकी छोटी पोटॅशियम वाहिनी कुणी पाहिली नव्हती. तिच्यामुळे पेशीच्या आतला दाब उतरतो, डीएनएला आत जाणं सोपं होतं, आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या विषाणूला दार बंद होतं.

पाच-दहा मिनिटांत विषाणूची पहिली जनुकं कामाला लागतात. तास-दीड तासात त्याच्या डीएनएच्या प्रती निघू लागतात. दोन-तीन तासांनी पेशीत नवी कवचं आकार घेऊ लागतात. सहा ते आठ तासांत पेशी फुटते आणि हजाराच्या घरात नवे विषाणू पाण्यात येतात. सकाळी लागण झालेली पेशी दुपारपर्यंत संपलेली असते.

नव्वदच्या दशकात पीबीसीव्ही-१ चा जनुकसंच वाचून झाला आणि तज्ज्ञांना आपली गृहीतकं तपासून पाहावी लागली. कोरोनाच्या विषाणूचा जनुकसंच सुमारे ३० हजार अक्षरांचा असतो, हे आपण गेल्या काही वर्षांत इतक्यांदा ऐकलं आहे की तुलना सोपी जाईल. पीबीसीव्ही-१ चा आहे सुमारे ३ लाख ३० हजार अक्षरांचा. चारशेच्या आसपास प्रथिनांची जनुकं, शिवाय ११ टीआरएनए. विषाणू म्हणजे परक्याच्या पेशीत घुसून तिचीच यंत्रणा वापरणारा, स्वतःजवळ जवळपास काही नसलेला कण, ही तेव्हाची पाठ्यपुस्तकातली समजूत होती. या विषाणूकडे मात्र साखरेच्या साखळ्या जोडणारी विकरं होती आणि परक्या डीएनएचे तुकडे करणाऱ्या कात्र्याही होत्या. अशा कात्र्या तोवर जिवाणूंची मिरास मानल्या जात. आणि हायलुरोनन तयार करायचं जनुक होतं! हायलुरोनन म्हणजे आपल्या सांध्यांत, त्वचेत, डोळ्यांत असणारा बुळबुळीत बहुशर्करी पदार्थ. तो पृष्ठवंशी प्राणी आणि मोजके रोगकारक जिवाणूच बनवतात असं मानलं जात होतं. १९९७ मध्ये पॉल डीअँजेलिस, व्हॅन एटन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तळ्यातल्या शैवालाचा विषाणूही तो बनवतो. लागण झालेल्या पेशीच्या बाहेर त्याच्या तंतूंचं दाट जाळं उगवतं.

फ्रान्समध्ये मिमिव्हायरस ओळखला गेला आणि २००३ मध्ये महाविषाणूंचा बराच गाजावाजा झाला. तो योग्यच होता. पण मोठ्या, जनुकांनी श्रीमंत विषाणूंची कल्पना शास्त्रज्ञांच्या गळी उतरवायचं काम क्लोरेलाच्या विषाणूंनी त्याआधी दोन दशकं चालवलं होतं, हे सांगायचं अनेकदा राहून जातं.

एक कोडं मात्र व्हॅन एटन यांच्यापाशी फार काळ तसंच राहिलं. पॅरामेशियमच्या पोटातल्या शैवालाला विषाणू लागू शकत नाही. यजमानाच्या आत ते सुरक्षित असतं. आणि तळ्यात मोकळी तरंगणारी अशी शैवालं फारशी आढळत नाहीत. मग पाण्यात इतके विषाणू येतात कुठून? उत्तर २०१६ मध्ये त्याच विद्यापीठातले परिस्थितिकीतज्ज्ञ जॉन डीलाँग यांच्याबरोबरच्या कामातून आलं. तळ्यांत कोपेपॉड नावाचे बारीक कवचधारी असतात. नारूच्या दिवसांत आपल्या विहिरींत बदनाम झालेला सायक्लॉप्स याच गटातला. कोपेपॉड पॅरामेशियम खातो, तेव्हा पॅरामेशियम पचतो, पण त्याच्या पोटातली शैवालं विष्ठेवाटे जिवंत बाहेर पडतात. विषाणू आधीपासूनच पॅरामेशियमच्या अंगावर चिकटून दबा धरून बसलेले असतात. यजमान मेला की त्यांना रान मोकळं मिळतं. प्रयोगात कोपेपॉड सोडल्यावर विषाणूंची संख्या भराभर चढत गेली. भक्षक, भक्ष्य आणि विषाणू अशी तिघांची ही साखळी कुठल्याच एका विभागाच्या अभ्यासक्रमात बसत नाही.

डीलाँग यांनी पुढे आणखी एक साधा प्रश्न विचारला: विषाणू कुणी खातं का? हॅल्टेरिया नावाच्या एकपेशीय जीवाला त्यांनी अन्न म्हणून फक्त क्लोरेलाचे विषाणू दिले. दोन दिवसांत विषाणू शंभरपटीपर्यंत घटले आणि हॅल्टेरियाची संख्या सुमारे पंधरापट झाली. नुसत्या विषाणूंवर एखाद्या जीवाची वाढ झाल्याचा हा पहिला स्पष्ट पुरावा २०२२ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला.

तळ्याची गोष्ट इथवर आली. समुद्राची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली.

समुद्रात विषाणू असतात हे १९५० च्या दशकापासून माहीत होतं, पण ते अगदीच थोडे असावेत असा समज होता. तो मोजण्याच्या रीतीमुळे झाला होता. विषाणू मोजायचे तर आधी त्यांचा यजमान बशीत वाढायला हवा, आणि समुद्रातले बहुतेक सूक्ष्मजीव बशीत वाढतच नाहीत. नॉर्वेच्या बर्गन विद्यापीठातल्या ओइविंड बर्ग, क्नुट बोर्शाइम, गुन्नार ब्राटबाक आणि मिकाल हेल्डाल यांनी बशी बाजूला ठेवली. पाणी त्यांनी अतिवेगवान अपकेंद्रकात फिरवलं आणि त्यातले कण थेट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या जाळीवर बसवले. मग मोजत सुटले. ऑगस्ट १९८९ मध्ये 'नेचर'मध्ये आकडा आला: नैसर्गिक पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये २५ कोटींपर्यंत विषाणू. आधीच्या अंदाजांच्या हजारो पटींनी मोठा.

एवढे विषाणू नुसते तरंगत असतील हे पटण्यासारखं नव्हतं. पुढच्याच वर्षी टेक्सासच्या किनाऱ्यावर काम करणाऱ्या कर्टिस सटल, अ‍ॅमी चॅन आणि मॅथ्यू कॉट्रेल यांनी समुद्राच्या पाण्यातून विषाणूंच्या आकाराचे कण गाळून, दाट करून ते पुन्हा पाण्यात घातले. वनस्पतिप्लवकांच्या प्रकाशसंश्लेषणात ७८ टक्क्यांपर्यंत घट झाली. पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणातला जवळजवळ निम्मा वाटा समुद्रातल्या या सूक्ष्म वनस्पतींचा आहे. त्यांच्यावर विषाणूंचा एवढा वचक असेल, तर समुद्राचा जमाखर्च नव्याने मांडावा लागणार होता.

त्यासाठी निवडलं गेलेलं शैवाल म्हणजे एमिलियानिया हक्सलेयी. आकाराने मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढं, पण अंगावर चुन्याच्या नक्षीदार चकत्यांचं चिलखत. हक्सलेयी हे नाव थॉमस हक्सली यांच्यावरून. आयर्लंड ते न्यूफाउंडलंड तारेची केबल टाकण्याआधी १८५७ मध्ये 'सायक्लॉप्स' या जहाजाने अटलांटिकच्या तळाचा गाळ उपसला. तो तपासताना हक्सलींना या चकत्या दिसल्या आणि त्यांनी त्यांना कोकोलिथ हे नाव दिलं. अशाच चकत्यांचे थर कोट्यवधी वर्षं साचून डोव्हरचे पांढरे कडे झाले आहेत.

उन्हाळ्यात उत्तर अटलांटिकमध्ये या शैवालाला बहर येतो. आपल्याकडे कोकणच्या किनाऱ्यावर कधीकधी रात्री लाटा निळ्या चमकतात, तो नॉक्टिलुकाचा बहर. हक्सलेयीचा बहर दिवसा दिसतो आणि पाणी दुधाळ फिरोजी होतं. शेकडो किलोमीटर पसरलेला हा पट्टा उपग्रहाच्या चित्रात ठळक उमटतो. पॅट्रिक हॉलिगन आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये उपग्रह आणि जहाज या दोन्हींच्या निरीक्षणांवरून तो या शैवालाचाच असल्याचं दाखवून दिलं होतं. पाणी दुधाळ दिसतं ते मुख्यतः पेशींपासून सुटलेल्या चकत्यांमुळे. पण इतका मोठा बहर थोड्याच दिवसांत ओसरतो कसा? अन्नद्रव्यं संपतात, प्राणी चरून जातात, पेशी तळाशी बसतात, अशी उत्तरं होती, पण त्यांनी हिशेब पुरता जुळत नव्हता.

बर्गनजवळच्या फ्योर्डमध्ये समुद्राचं पाणी मोठ्या पिशव्यांत कोंडून, त्यात खत घालून मुद्दाम बहर आणवला गेला. बहर ओसरताना पाण्यातले विषाणू वाढत गेले आणि पेशींच्या आतही ते दिसले. १९९३ मध्ये ब्राटबाक, एग्गे आणि हेल्डाल यांनी हे मांडलं. मात्र विषाणू हाती यायला अजून सहा वर्षं लागली. जुलै १९९९ मध्ये इंग्लिश खाडीत, प्लिमथच्या जवळ मोठा बहर आला. प्लिमथच्या मरीन बायोलॉजिकल असोसिएशनमधले विली विल्सन आणि त्यांच्या गटाने ओसरत्या बहरातून नमुने घेतले आणि त्यांतून विषाणू वेगळे केले. निरोगी शैवालात टाकल्यावर ते पेशी फोडत होते. त्यांतल्या एकाचं नाव ईएचव्ही-८६.

२००५ मध्ये त्याचा जनुकसंच 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला: ४,०७,३३९ अक्षरं. त्यात स्फिंगोलिपिड नावाचे मेद बनवण्याची जनुकं सापडली. ही जनुकं कुठल्याही विषाणूत त्याआधी दिसली नव्हती. यातले काही मेद पेशीला स्वतःच्या मृत्यूचा आदेश देतात. आस्साफ वार्दी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की विषाणूने बनवलेला असा मेद शैवालाला आत्मनाशाच्या वाटेवर नेतो. पेशीत स्वतःला संपवायची यंत्रणा मुळातच असते. विषाणू ती आपल्या वेळापत्रकाप्रमाणे चालवतो.

शैवालाकडेही डाव आहे. २००८ मध्ये मिगेल फ्राडा आणि सहकाऱ्यांनी पाहिलं की विषाणू दाटले की काही पेशी चुन्याचं चिलखत टाकून देतात, गुणसूत्रांचा एकच संच ठेवतात, शेपट्या फुटून पोहू लागतात. या रूपातल्या पेशींना विषाणू लागत नाही. ॲलिसच्या अद्भुत नगरीतल्या गायब होणाऱ्या मांजराचं नाव त्यांनी या युक्तीला दिलं. बहर संपतो, वंश टिकतो.

जपानमध्ये हाच विषय मच्छीमारांच्या पोटापाण्याशी येऊन भिडला. तिथल्या बंदिस्त उपसागरांत 'तांबड्या भरती'च्या, म्हणजे पाणी तांबडं करून टाकणाऱ्या, शैवालांनी माशांचे आणि शिंपल्यांचे मळे उद्ध्वस्त होत. हेटेरोकॅप्सा सर्क्युलरिस्क्वामा हे शैवाल तर मोत्यांच्या आणि खाण्याच्या कालवांचा काळच ठरलं. केइझो नागासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तांबड्या भरत्यांच्या शैवालांचे विषाणू एकामागून एक वेगळे केले. हेटेरोकॅप्साचा एक विषाणू तर डीएनएचा नसून आरएनएचा निघाला. म्हणजे सॅफरमन यांच्या काळची ती व्यवहारी आशा चाळीस वर्षांनी पुन्हा वर आली. शैवालं विषाणूला पटकन दाद देईनाशी होतात आणि एकेका विषाणूचे यजमानही ठरावीक वाणच असतात. या मर्यादा आता नीट माहीत आहेत, त्यामुळे आजचे दावेही जपून केलेले असतात. ते योग्यच आहे. उघड्या समुद्रात सोडलेला विषाणू परत बोलावता येत नाही.

जर्मनीतल्या कॉन्स्टान्झच्या डिटर म्युलर यांनी एक्टोकार्पस या तपकिरी शैवालात वेगळंच काही पाहिलं. तिथला विषाणू यजमानाला मारत नाही. भित्तिका नसलेल्या बीजाणूंत किंवा युग्मकांत तो शिरतो, स्वतःचा डीएनए यजमानाच्या डीएनएत गुंफतो आणि पिढ्यानपिढ्या मुकाट राहतो. शैवाल प्रजननाला आलं की बीजाणूंच्या जागी विषाणू तयार होतात. २०१० मध्ये एक्टोकार्पसचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा त्यात विषाणूचा असा अख्खा डीएनए गुंतलेला सापडला.

१९९९ मध्ये स्टीव्हन विल्हेल्म आणि कर्टिस सटल यांनी या सगळ्याचा समुद्राच्या दृष्टीने अर्थ लावला. शैवाल प्राण्याने खाल्लं, तर त्यातला कार्बन आणि नायट्रोजन पुढे माशापर्यंत जातो. विषाणूने फोडलं, तर तेच द्रव्य पाण्यात विरघळतं, जिवाणू ते वापरतात, आणि त्यातला बराच भाग पुन्हा शैवालांच्याच वाट्याला येतो. मोठ्या प्राण्यांकडे जाणारा ओघ मध्येच वळवला जातो. याला त्यांनी विषाणूंची आडवाट म्हटलं. मासेमारी, हवामान, समुद्र किती कार्बन तळाशी नेतो, या प्रत्येक हिशेबात ही आडवाट धरावी लागते.

आपल्या शाळांमध्ये तळ्याची आणि समुद्राची अन्नसाखळी शिकवताना फळ्यावर शैवाल, मग प्लवक, मग छोटा मासा, मग मोठा मासा असे बाण काढले जातात. विषाणूचा धडा त्याच वर्षी वेगळ्या प्रकरणात, रोगांच्या यादीत येतो. जीवशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे: फळ्यावर शैवालापासून एक बाण खाली काढा, त्याच्या टोकाशी 'विषाणू' लिहा, आणि तिथून परत शैवालाकडे येणारा दुसरा बाण काढा. मुलांना हे दहा मिनिटांत समजतं.